बांधणारा आणि तांडेल

माझ्या मामेभावाने सात वर्षे खपून स्वतःच्या हातांनी बांधलेले दोन आसनांचे विमान गेल्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका छोट्या धावपट्टीवर उतरताना गर्रकन फिरले. उजव्या चाकाचा दांडा आतल्या बाजूला मोडला, उजवा पंख डांबरावर घासला गेला आणि प्रोपेलरची दोन्ही पाती आपटून वाकली. त्याला स्वतःला खरचटलेदेखील नाही. ही बातमी आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावी पोहोचली, तेव्हा तिच्यावर दोनच निकाल दिले गेले. पहिला असा की, घरी बांधलेले विमान ते, मोडणारच. दुसरा असा की, चांगली नोकरी असताना ही नसती हौस कशाला? दोन्ही निकाल मला मनापासून खटकले, आणि ते का खटकले हे नीट मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. उतरण्याआधी त्या विमानात काहीही तुटलेले, सुटलेले किंवा कच्चे राहिलेले नव्हते. जे बिघडले ते निराळ्याच जागी होते, आणि ती जागा अचूक दाखवली ती आयुष्यात एकदाही विमानात न बसलेल्या माझ्या मामाने.

मामाचा धंदा होड्या बांधण्याचा. दाभोळच्या खाडीच्या काठी त्याची शेड होती. आधी लाकडाच्या आणि पुढे फायबरच्या होड्या त्याने बांधल्या. मामेभाऊ त्याच शेडमध्ये रंधा धरायला शिकला, नंतर यंत्र अभियांत्रिकी करून अमेरिकेला गेला, आणि तिथे गॅरेजमध्ये विमान बांधता येते हे कळल्यावर त्याला राहवले नाही. आपल्याकडे हे ऐकणाऱ्याला प्रथम अचंबा वाटतो आणि मग शंका येते की, हे कायद्यात बसते कसे? ते बसते. अमेरिकेत अशा विमानांसाठी प्रायोगिक विमानांचा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाच्या कामाचा निम्म्याहून मोठा हिस्सा हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेला असावा, ही त्यातली मुख्य अट. सुटे भाग घडवलेला संच विकत आणता येतो, इंजिन तयार घेता येते. पण तो संच जोडणे, पत्र्याला भोके पाडणे, पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट बसवणे, तारा ओढणे हे स्वतःच करायचे. विमानावर निर्माता म्हणून जी धातूची पट्टी लागते, तिच्यावर बांधणाऱ्याचे नाव असते. तेव्हा मामेभावाच्या विमानावर निर्माता म्हणून आमच्या मामाच्या घरचे आडनाव कोरलेले आहे. आत बसणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशी दुसरी पट्टीही सक्तीची असते. हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि प्रमाणित विमानांना लागू असलेले सुरक्षा नियम ते पूर्ण करत नाही, असे तिच्यावर लिहिलेले असते. मला ही पट्टी फार प्रामाणिक वाटते. धोका लपवून आनंद विकण्यापेक्षा धोका दारावर लिहून मग आत बोलावणे केव्हाही चांगले.

बांधून झाल्यावर सरकारी तपासनीस किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी विमान पाहतो आणि मग चाचणी उड्डाणांचा टप्पा सुरू होतो. प्रमाणित इंजिन आणि त्याला जुळणारा प्रमाणित प्रोपेलर असेल तर सर्वसाधारणपणे 25 तास, नसेल तर 40 तास. हे तास ठरवून दिलेल्या, विरळ वस्तीच्या परिसरातच काढायचे आणि प्रवासी घ्यायचा नाही. मामेभावाच्या वाट्याला 40 तास आले होते आणि अपघात झाला तो सव्विसाव्या तासाला.

आता त्या संध्याकाळबद्दल, कारण सगळे तिथेच आहे.

त्याचे विमान शेपटीखाली छोटे चाक असलेल्या जुन्या पद्धतीचे आहे. पुढे दोन मोठी चाके आणि मागे एक लहान. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो, आणि या एका गोष्टीतून पुढचे सगळे निघते. विमान जमिनीवर वेगात असताना नाक थोडेसे जरी डावीकडे वळले, तरी मागचे वजन सरळ पुढे जाऊ पाहते आणि ते वळण स्वतःहून वाढवत नेते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या पुढे असल्यामुळे तिथे हेच वजन वळण मोडून विमानाला सरळ करते. म्हणजे शेपटीच्या चाकाच्या विमानात सरळ राहणे हे वैमानिकाच्या पायांचे काम आहे. वळण सुरू होताक्षणी उलट बाजूचा पाय दाबायचा आणि लगेच सोडायचा, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत हे चालूच ठेवायचे. त्यात मेख अशी की, पायाने हलणारे सुकाणू हवेच्या जोरावर काम करते आणि तो जोर वेगाच्या वर्गाबरोबर कमी होतो. उतरल्यावर वेग ओसरतो तसे सुकाणू निकामी होत जाते, आणि शेपटीचे चाक अजून जमिनीवर नीट टेकलेले नसेल तर तेही वळवायला उपयोगी पडत नाही. या दोन आधारांच्या मधे काही क्षण असे येतात की, वैमानिकाच्या हाती फार थोडे असते आणि जे असते ते त्याने तात्काळ वापरावे लागते.

त्या दिवशी वारा 12 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होता आणि झोत 18 पर्यंत जात होते. धावपट्टीच्या रेषेशी त्याचा कोन डावीकडून साधारण 30 अंशांचा. शाळेतल्या त्रिकोणमितीने 30 अंशांची ज्या (साइन) अर्धी असते, तेव्हा झोताच्या वेळी विमानाला आडवा ढकलणारा वारा 9 नॉटचा झाला. ही काही भयंकर संख्या नाही. झोतांची भीती म्हणून त्याने नेहमीच्या 60 ऐवजी 70 नॉट वेग ठेवला. अशा वेळी सहसा झोत आणि सरासरी वारा यांच्यातल्या फरकाच्या निम्मा वेग वाढवावा असे शिकवतात, म्हणजे इथे 3 नॉट. 10 नॉट ही वाढ वरवर किरकोळ वाटते, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे जमिनीवर जिरवावी लागणारी ऊर्जा तेवढ्यानेच 36 टक्क्यांनी वाढते. विमान जमिनीला लागूनच तरंगत पुढे गेले, कारण जमिनीच्या अगदी जवळ पंखाचा अवरोध कमी होतो आणि जास्तीचा वेग लवकर ओसरत नाही. मग ते टेकले, हातभर उसळले, पुन्हा टेकले. त्याच्या मनात तिथे सुटकेचा निःश्वास आला. हे त्याने स्वतःच मला सांगितले. टेकलो, आता झाले. पाय सैल पडले, तेवढ्यात झोत आला, शेपटी उजवीकडे ढकलली गेली, नाक वाऱ्याकडे वळले आणि पुढचे त्या वजनाने केले. डावीकडे फिरणाऱ्या विमानाचा सगळा भार बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकावर आला.

पहिल्या उसळीनंतर त्याने पूर्ण शक्ती देऊन पुन्हा उडायला हवे होते. पट्टी शिल्लक होती, इंधन होते, उजेड होता. शिवाय शेजारीच गवताची पट्टी होती. गवतावर टायर थोडा घसरू शकतो, त्यामुळे तिथे असे फिरणे पुष्कळदा निभावते, डांबरावर टायर धरून बसतो. पण डांबरी पट्टी रुंद म्हणून त्याने ती निवडली होती.

हे वाचून कोणी म्हणेल की, सरळसरळ वैमानिकाची चूक. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालांतही अशा अपघातांचे संभाव्य कारण साधारण याच शब्दांत लिहिलेले असते की, उतरल्यावरच्या धावेत वैमानिकाला दिशा राखता आली नाही. ते वाक्य खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही. कारण तो हे सगळे जाणत होता. गुरुत्वमध्याचे गणित त्याने स्वतः केले होते, ते चाक स्वतः बसवले होते. मग पाय का सैल पडले?

उत्तर त्या सात वर्षांत आहे. विमान बांधणाऱ्या माणसाचे शनिवार-रविवार गॅरेजमध्ये जातात. पैसाही तिथेच जातो. उडण्यासाठी ना वेळ उरतो ना पैसा. परवाना तेवढा जिवंत राहतो, कारण अमेरिकी नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा प्रशिक्षकाबरोबर उजळणी पुरते. शेपटीच्या चाकाच्या विमानासाठी वेगळी नोंद लागते, पण ती आयुष्यात एकदाच. त्याने ती विमान बांधायला घेण्याआधीच मिळवली होती. मागच्या 90 दिवसांत तीनदा उडून उतरलेले असावे, असाही एक नियम आहे, पण तो प्रवासी बरोबर घेण्यासाठी आहे. एकट्याने उडायला तो लागू नाही. आणि चाचणीच्या तासांत तर सहसा एकट्यानेच उडायचे असते. अशा रीतीने सर्वांत अनोळखी विमानात, सर्वांत गंजलेल्या पायांनी, शेजारी कोणी नसताना बसणे पूर्णपणे नियमात बसते.

त्यात त्याच्या सावधपणाचीही भर पडली. नव्या विमानाला जपायचे म्हणून त्याने चाचणीचे बहुतेक सगळे तास पहाटेच्या शांत हवेत काढले. इंजिनाचे तापमान, इंधनाचा दाब, पंखाची उचल कुठल्या वेगाला तुटते, सगळे तपासून झाले, पण आडव्या वाऱ्यात उतरायला ते विमान आणि तो माणूस एकत्र कधी गेलेच नव्हते. कोकणात राहणाऱ्याला हे लगेच उमगावे, कारण आपल्याकडे सकाळची आणि दुपारनंतरची हवा ही दोन वेगळी हवामाने असतात. सकाळी किनारा निवांत असतो. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि सड्याच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठाराच्या, कड्यावरून वर चढताना त्यांना घुसळण येते. रत्नागिरीची धावपट्टी आणि 2021 मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ, दोन्ही जांभ्या दगडाच्या सड्यांवरच आहेत.

डिसेंबरात मामेभाऊ घरी आला होता. पडवीत बसून त्याने हे सगळे मामाला सांगितले, कागदावर विमान काढून वजनाची जागा दाखवली. मामाने ऐकून घेतले आणि खाडीच्या मुखाची गोष्ट काढली. खोल समुद्रात होडी बुडाल्याचे त्याने क्वचितच पाहिले. गाळाचा दांडा साठलेल्या मुखाशी, परतताना, घर दिसत असताना होड्या उलटल्याचे मात्र पुष्कळदा. अंजर्ल्याच्या खाडीचे मुख तर त्यासाठी आमच्या भागात कुप्रसिद्ध आहे. म्हणून चांगला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य खलाशी, मुखाशी आल्यावर बाहेर थांबतो, लाटा मोजतो, सोयीची येईपर्यंत आत घालत नाही, आणि आत घातल्यावर धक्क्याला दोर पडेपर्यंत सुकाणू सोडत नाही. इथवर मामेभाऊ मान डोलावत होता. मग मामा म्हणाला, "मी एवढ्या होड्या बांधल्या, पण एकीवरही तांडेल म्हणून गेलो नाही. तांडेल यायचा, होडी पाण्यात घालून बघायचा आणि मला चार शब्द सुनवायचा. मी त्याला सुनवायचो. तुझ्यात बांधणारा तूच, तांडेलही तूच. मग चुकलं ते सांगणार कोण?"

मामेभाऊ काही बोलला नाही. माझ्या मते या विषयावर याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही.

पहिले यशस्वी विमान हेही घरीच बांधलेले होते. 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकच्या समुद्रकिनारी राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले 12 सेकंदांचे, चौथे 59 सेकंदांचे आणि 852 फुटांचे. ते चौथे उड्डाण उतरताना संपले ते मोडतोड होऊनच, पुढच्या सुकाणूचा सांगाडा तुटला. एक-दोन दिवसांत दुरुस्त करून पुन्हा उडू असा त्यांचा अंदाज होता, पण विमान जमिनीवर उभे असतानाच वाऱ्याच्या झोताने ते उलथून टाकले आणि त्या वर्षीचे उडणे तिथेच संपले. ऑर्व्हिल यांनी हे सगळे, मोडतोडीसकट, दैनंदिनीत लिहून ठेवले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, ते दोघे होते. एक उडत असताना दुसरा किनाऱ्यावरून पाहत असे, आणि दोघेही बांधणारे असल्यामुळे पाहणाऱ्याला काय पाहायचे ते कळत असे. मामाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे जन्मतःच होते.

बाकीच्यांना ते मुद्दाम उभे करावे लागते. 1953 साली स्थापन झालेल्या प्रायोगिक विमानांच्या अमेरिकी संघटनेत अनुभवी बांधणारे नवख्याच्या गॅरेजमध्ये जाऊन काम पाहतात, आणि वेगळे सल्लागार त्याच्या उडण्याच्या तयारीबद्दल त्याच्याशी बोलतात. वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. 2011 मधल्या ज्या अपघातांची त्यासाठी तपासणी झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक विमाने उडवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. गावातल्या पहिल्या निकालाला याहून चांगले उत्तर मला सापडत नाही. दोष केवळ घरच्या रिव्हेटचा असता, तर नव्या मालकांचे पारडे इतके जड होण्याचे कारण नव्हते. अनोळखी विमानाशी नव्या हातापायांची गाठ पडते तिथे मोठा धोका आहे. पुढे 2014 मध्ये अमेरिकेच्या विमानन प्रशासनाने चाचणीच्या तासांतही, ठरावीक अटींवर, दुसऱ्या पात्र वैमानिकाला बरोबर बसण्याची मुभा दिली. म्हणजे मामेभावाला एक तांडेल शेजारी बसवता आला असता. नियम त्याला माहीत होता. आपले विमान पहिल्यांदा आपणच एकट्याने उडवावे, ही सात वर्षे जपलेली इच्छा आड आली. मी तिला दोष देऊ शकत नाही, पण तिचे मोल काय झाले हे पाहिले आहे. प्रोपेलर जमिनीवर आपटला की इंजिन पूर्ण उघडून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, तपासावाच लागतो, बाहेरून कितीही ठीक दिसो.

अपघात कशाला म्हणावे याचीही तिथे व्याख्या आहे. चाके, चाकांचे दांडे, प्रोपेलर, पंखाची टोके एवढेच मोडले तर ते गंभीर नुकसान धरले जात नाही. मामेभावाच्या विमानात चाकाच्या दांड्याने पंखाच्या मुळाशी असलेल्या मुख्य तुळईची जोडणी वाकवली होती, म्हणून तो अपघात ठरला, ताबडतोब कळवावा लागला आणि दहा दिवसांच्या आत लेखी अहवाल द्यावा लागला. त्या अर्जात एक रकाना असा आहे की, हा अपघात कसा टाळता आला असता? मोडलेल्या माणसाला हे विचारणारी व्यवस्था मला सुसंस्कृत वाटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानन कराराच्या 1951 मध्ये स्वीकारलेल्या तेराव्या परिशिष्टात हेच तत्त्व आहे. चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा असावा, दोष किंवा जबाबदारी कोणाच्या माथी मारणे हा नव्हे. भारतातही 2012 पासून विमान अपघात अन्वेषण विभाग वेगळा झाला आहे. आपल्या गावांत मात्र होडी उलटली की एक तर नशीब किंवा तांडेल, असे दोनच आरोपी उभे केले जातात, आणि मुखाशी किती पाणी होते, वारा कुठून होता, हे कोणी लिहून ठेवत नाही. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते, कारण ते ज्ञान इथे आहे. ते माणसाबरोबर जाते.

आपल्याकडे घरी विमान बांधणारा माणूस निघाला तर तो किती एकटा असतो, हे कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून दिसते. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले, 2016 मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उडवण्याची परवानगी मिळायला 2019 उजाडले. त्यांची जिद्द थोरच आहे, पण अशी दहा-वीस माणसे एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन बोट ठेवतील असा गोतावळा इथे तयार व्हायला हवा. फायबरची चटई आणि रेझिन हाताळणारे कुशल हात तर कोकणाच्या प्रत्येक बंदरावर आहेत.

त्या रकान्यात मामेभावाने दोन गोष्टी लिहिल्या. पहिल्या उसळीनंतर पुन्हा उडायला हवे होते. आणि विमान पूर्ण होत आले त्या शेवटच्या वर्षात दुसऱ्याच्या शेपटी-चाकाच्या विमानातून, प्रशिक्षकाबरोबर, वाऱ्यात उतरण्याचा सराव करायला हवा होता. क्रँकशाफ्ट तपासणीत शाबूत निघाला आहे. पंखाच्या मुळाशी नवी जोडणी बसवण्याचे काम चालू आहे, ते पुरे व्हायला उन्हाळा लागेल. तोवर तो भाड्याच्या विमानातून दुपारच्या वाऱ्यात उतरायला शिकतो आहे, आणि मागच्या आसनावरच्या प्रशिक्षकाला त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे की, चाके टेकल्यावर माझे पाय थांबलेले दिसले तर विमान उभे राहण्याची वाट पाहू नका, तिथल्या तिथे ओरडा.